किलोमागे किती दम

"मॅडम, भागायचंच होतं तर वजनानंच का? उंचीनं का नाही भागलं?"

हे विचारणारी मुलगी आठवीतली. पुण्याजवळच्या एका गावातल्या शाळेच्या मुली त्या दिवशी आमच्या प्रयोगशाळेत आल्या होत्या. एकेकीनं ट्रेडमिलवर चढायचं, नाकातोंडावर मास्क, छातीला पट्टा, दर मिनिटाला वेग किंवा चढ थोडा वाढणार, आणि अगदीच पळवेना झालं की हात वर करायचा. खोलीत स्पिरिटचा, ओल्या रबराचा आणि डब्यातल्या शेंगदाण्याच्या चटणीचा मिळून एक वास साठला होता. ही मुलगी उंच, अंगानं भरलेली. तिची मैत्रीण काटकुळी, वेण्या रिबिनीनं वर बांधलेली. दोघीही जीव तोडून पळाल्या. मास्क काढला तेव्हा दोघींच्याही नाकाच्या शेंड्यावर लाल वळ उमटला होता आणि दोघीही हसत होत्या. मग कागद छापून हातात दिले. पळताना शरीर जितका जास्त ऑक्सिजन वापरू शकतं तितका दम जास्त, असा या चाचणीचा हिशेब. आकडे जरा सोपे करून सांगते. उंच मुलीनं शेवटच्या मिनिटाला १.८४ लिटर ऑक्सिजन वापरला होता, मैत्रिणीनं दीड लिटर. पण कागदावर ठळक अक्षरांत छापतात तो आकडा दर किलोमागचा. एकीचं वजन ४६ किलो, दुसरीचं ३२. म्हणजे उंच मुलीचा आकडा ४० मिलिलिटर आणि मैत्रिणीचा ४७. मैत्रीण टाळ्या पिटत उड्या मारायला लागली. उंच मुलीनं कागद दोनदा वाचला आणि मला म्हणाली, "ऑक्सिजन तर मी जास्त वापरला. मग ही माझ्या वर कशी?" मोठ्या शरीराला जास्त ऑक्सिजन लागतो, म्हणून सगळ्यांना एका मापात आणायला वजनानं भागतो, असं मी सांगितलं. ती क्षणभर थांबली. मग तिनं तो उंचीचा प्रश्न विचारला. खाली बसचा हॉर्न वाजत होता, त्यांच्या बाई "चला गं पोरींनो" करत दारात आल्या होत्या. तिनं कागदाची बारीक घडी करून कंपासपेटीत ठेवली आणि ती जिना उतरून गेली.

नेमका हाच प्रश्न १९४९ साली जेम्स टॅनर या इंग्रज शास्त्रज्ञानं विचारला होता. मुलांच्या वाढीचा अभ्यास करणाऱ्या कुणालाही हे नाव परकं नाही. शरीराची कुठलीही क्षमता सरळ वजनानं किंवा त्वचेच्या क्षेत्रफळानं भागून माणसांची तुलना करणं हा तर्कदोष आहे, असं त्यानं एका शोधनिबंधात दाखवून दिलं. अशा भागाकारातून धडधाकट माणूस आजारी ठरू शकतो, हेही सांगितलं. निबंध गाजला, पाठ्यपुस्तकांत आला, आणि तरीही जगभरातल्या यंत्रांमधून आजही किलोमागचाच आकडा बाहेर पडतो. ज्या प्रश्नाला आमच्या शास्त्रानं सात दशकं पुरतं उत्तर दिलेलं नाही, तो एका तेरा वर्षांच्या मुलीला स्वतःचा कागद वाचताना आपोआप सुचला. तेव्हापासून तो माझ्या डोक्यातून जात नाही.

मी या विषयात आले ती ठरवून नव्हे. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी शरीरक्रियाशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला मोसोचा एर्गोग्राफ असायचा. एका बोटाला दोरी, दोरीला वजन, मेट्रोनोमच्या ठोक्यावर ते उचलायचं, आणि काजळी धरलेल्या कागदावर सुई आपल्या थकव्याची रेघ ओढत जायची. पहिल्या रेघा उंच, मग बुटक्या, मग नुसती थरथर. बाकीच्यांना तो कंटाळवाणा तास वाटायचा. मला ती उतरती रेघ पाहताना शाळेतलं मैदान आठवायचं. त्याच प्रयोगशाळेत लाकडी स्टुलावर चढ-उतार करायची हार्वर्ड स्टेप टेस्टही होती. मिनिटाला तीस वेळा चढायचं, मग नाडी मोजायची. ती चाचणी मुळात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या कॉलेजच्या तरुण मुलग्यांसाठी तयार झाली होती. आमच्या वर्गातल्या पाच फुटी मुली पदर किंवा ओढणी खोचून त्याच स्टुलावर चढायच्या आणि "फिटनेस: पुअर" असं जर्नलमध्ये लिहून सही घ्यायच्या. पुस्तकातला प्रमाण माणूस सत्तर किलोचा पुरुष. हृदय किती रक्त फेकतं, मूत्रपिंड किती गाळतं, सगळं त्याचंच. त्यात लहान मुलं कुठे आहेत, असं मी आमच्या सरांना विचारलं होतं. ते म्हणाले, "बालरोगवाल्यांकडे." मला ते पटलं नाही. आजारी मूल बालरोगवाल्यांकडे असतं. पळणारं मूल कुणाकडे असतं?

पळणारं मूल मी स्वतः होते, आणि ते मला चांगलं आठवतं. आमच्या शाळेत खो-खोचा संघ होता. दुपारी साडेचारला मैदानावर पाणी मारलं जायचं. त्या ओल्या मातीचा वास, गुडघ्यावरच्या खपल्या, खांबाला धरून गर्रकन वळताना तळहाताला लागणारी सालपटं, आणि पाटीवर बसलेल्या मुलीच्या पाठीवर थाप मारून ओरडलेला "खो!" सहावीत आम्ही पंधरा-सोळा जणी होतो. नववीत संघ उभा करायला नऊ जणी मिळेनात. कुणी भांडून गेलं नव्हतं, कुणी जाहीर निरोपही घेतला नव्हता. एकीला आईनं "आता मोठी झालीस" म्हणून थांबवलं, एकीला क्लास लागला, एकीला पांढऱ्या गणवेशात त्या चार दिवसांची धास्ती वाटायची, एकीला धावताना छातीकडे बघणाऱ्या मुलांची लाज वाटायला लागली. पुढे कितीतरी वर्षांनी, वाढत्या वयाबरोबर मुलींची क्षमता घसरत जाते असं दाखवणारा आलेख मी पहिल्यांदा पाहिला, तेव्हा ती उतरती रेघ बघून मला त्या सगळ्या जणींची नावं एकामागून एक आठवली.

त्या आलेखाची गोष्ट सांगितली पाहिजे. वाढत्या वयातल्या शारीरिक क्षमतेचा प्रयोगशाळेत झालेला पहिला मोठा अभ्यास १९३८ सालचा, बोस्टनमधल्या हार्वर्ड फटीग लॅबोरेटरीतला. सिड रॉबिन्सननं सहा वर्षांच्या मुलापासून ९१ वर्षांच्या आजोबांपर्यंत ९३ जणांना पळवलं आणि त्यांचा ऑक्सिजन मोजला. त्या ९३ जणांत मुलगी एकही नव्हती. मुली आल्या त्या १९५२ मध्ये, स्टॉकहोमच्या पेर-ओलॉफ ऑस्ट्रँड यांच्या प्रबंधात. तिथून पुढे जी माहिती जमत गेली ती सांगायची तर अशी: किलोमागे भागलं की मुलग्यांचा आकडा आठव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत जवळजवळ सपाट राहतो आणि मुलींचा हळूहळू खाली येतो. मग पुस्तकांत वाक्य आलं की मुलींची हृदय-फुप्फुसांची क्षमता वयात येताना घटते. हे वाक्य मी परीक्षेत लिहिलं आहे, त्यावर गुण मिळवले आहेत, आणि माझ्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांतही ते अजून सापडतं.

पण लिटरमध्ये पाहिलं तर मुलीही वाढतच असतात. हृदय मोठं होत असतं, एका ठोक्यात जास्त रक्त फेकत असतं. वजन मात्र त्याहून भराभर वाढतं, आणि वयात येताना मुलींच्या शरीरात चरबीचा वाटा निसर्गतःच वाढतो. चरबी धावताना ऑक्सिजन जवळपास वापरत नाही, पण भागाकारात ती पूर्ण मोजली जाते. वरचा आकडा वाढला तरी खालचा त्याहून वाढला, तर उत्तर खाली येणारच. ब्रिटनमधल्या एक्सेटर विद्यापीठात नील आर्मस्ट्राँग (चांद्रवीराशी नाव जुळणारे हे मुलांच्या व्यायामशास्त्रातले फार मोठे संशोधक) आणि जोआन वेल्समन यांनी वर्षानुवर्षं याच मुद्द्याचा पाठपुरावा केला. तीच मुलं पुन्हा पुन्हा मोजायची, आणि वजनानं सरळ भागण्याऐवजी वजन आणि क्षमता यांचं खरं नातं आकड्यांतूनच शोधायचं. ते नातं सरळ प्रमाणाचं नाही. वजन दुप्पट झालं म्हणून क्षमता दुप्पट होत नाही, त्याहून कमी वाढते. म्हणून सरळ भागाकारात हलक्या मुलाला फायदा आणि भरलेल्या अंगाच्या मुलाला तोटा ठरलेलाच. शरीराचा आकार नीट हिशेबात धरला की चित्र पालटतं: मुलग्यांची क्षमता सपाट न राहता वाढते, आणि मुलींचीही वयात येईपर्यंत वाढून मग स्थिरावते. पुस्तकातली ती घसरण बरीचशी भागाकारानं घडवलेली आहे.

हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्यात आनंद होता, रागही होता. कारण मैदानावरून मुली खरोखरच नाहीशा होतात, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्या घसरणीला कारण समाज, गणवेश, बंद स्वच्छतागृहं, संध्याकाळचे क्लास. आणि शास्त्र शेजारी उभं राहून म्हणत होतं की हे तुमच्या शरीरातच आहे. ज्या वयात मुलीला आपलं शरीर आधीच परकं वाटत असतं, त्या वयात तिच्या हातात एक कागद द्यायचा आणि गेल्या वर्षीपेक्षा तुझा दम कमी झालाय असं सांगायचं, हे मला अजूनही सोसत नाही.

मुलग्यांचं सोपं असतं असं नाही. आपल्या शालेय स्पर्धा चौदा, सतरा, एकोणीस वर्षांखालील अशा गटांत होतात. चौदा वर्षांखालच्या गटात कबड्डीच्या मैदानावर ओठावर मिसरूड फुटलेला मुलगा आणि दुधाचे दात नुकते पडलेला दिसावा असा मुलगा समोरासमोर असतात. जन्मतारखा दोघांच्याही खऱ्या. उंची झपाट्यानं वाढायचा काळ मुलींमध्ये साधारण बाराव्या आणि मुलग्यांमध्ये चौदाव्या वर्षाच्या आसपास येतो, पण एखाद्याला तो लवकर येतो, एखाद्याला उशिरा, आणि एकाच वर्गातल्या दोन मुलांच्या शरीरात तीन-चार वर्षांचं अंतर असू शकतं. निवड चाचणीत शिट्टी वाजते, लवकर वाढलेला निवडला जातो, त्याला बूट मिळतात, प्रशिक्षक मिळतो, तालुक्याला जायला मिळतं. उशिरा वाढणारा बाकावर बसतो आणि सोळाव्या वर्षी त्याचं शरीर तयार होतं तेव्हा तो मैदानावर असतच नाही. क्रीडाशिक्षकांच्या शिबिरात मी हे दरवेळी बोलते. बहुतेकांना ते आधीच ठाऊक असतं. एक वयस्कर सर मला म्हणाले होते, "मॅडम, कळतं सगळं. पण शाळेला ढाल यंदा हवी असते." या वाक्याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं.

मुलांच्या शरीराविषयी जितकं वाचत गेले तितका आदर वाढत गेला. मोठ्यांना पळायला सुरुवात केल्यावर ऑक्सिजनचा पुरवठा पुरेसा व्हायला वेळ लागतो, मुलांचं ते लवकर जमतं. त्यांच्या स्नायूंत लॅक्टेट (जोरात पळताना स्नायूंत तयार होणारा पदार्थ) कमी साठतं, धाप लवकर ओसरते. म्हणूनच धापा टाकत आडवं झालेलं पोर दोन मिनिटांत उठून परत पळतं आणि आजी म्हणते, "याच्या अंगात काय भरलंय कोण जाणे!" १९९५ साली काही संशोधकांनी सहा ते दहा वर्षांच्या मुलांच्या मागे राहून त्यांची हालचाल दर काही सेकंदांनी टिपली. मुलांची जोरकस हालचाल टिकायची ती साधारण तीन सेकंदच. मग थोडं थांबणं, मग पुन्हा. तो निबंध वाचताना मला खो-खोच दिसत होता: झेप, वळण, बैठक, पुन्हा झेप. आपल्या मातीतल्या कितीतरी खेळांची लय मुलाच्या शरीराच्या लयीशी जुळलेली आहे. लगोरी, विषामृत, लंगडी, सगळ्यांत हीच फोडणी. आणि आम्ही त्याच मुलाला शिस्त लावायची म्हणून मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावतो. बरेचदा शिक्षा म्हणून.

अशी माहिती जमवायला साधनं लागतात, आणि तिथे मला माझ्या विषयाचा सर्वांत अवघड धडा मिळाला. आम्ही एका गटाच्या मुलांना दरवर्षी मोजत होतो. मोजणी दिवाळीनंतर, कारण तेव्हा शाळा निवांत असतात. मराठवाड्यातल्या एका गावात गेलो आणि वर्गात निम्मे बाक रिकामे. गुरुजी म्हणाले, "तोडीला गेली." ज्यांना ऊसतोड ठाऊक आहे त्यांना पुढचं सांगायला नको. आमच्या तक्त्यात त्या मुलांच्या नावांपुढे कोरा रकाना राहिला. संख्याशास्त्रात अशा कोऱ्या रकान्यांवर भरपूर उपाय आहेत, पण सगळ्यांत एक गृहीत लपलेलं असतं: गैरहजर मूल हजर मुलासारखंच असेल. ते गृहीत इथे उघड खोटं होतं. म्हणून आम्ही त्या मुलांना शोधत कारखान्याच्या बाजूला गेलो.

ऊसतोडणाऱ्यांच्या कोप्यांमध्ये, म्हणजे झोपड्यांमध्ये, पहाटे चारला जाग येते. थंडीत चुलीचा धूर खालीच रेंगाळतो, बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजायला लागतात. आमच्या यादीतली बारा वर्षांची एक मुलगी तिथे सापडली. धाकट्या भावाला कडेवर घेऊन पाणी भरत होती. दिवस उजाडल्यावर फडात गेली, आई-बापानं तोडलेला ऊस गोळा करून मोळ्या बांधायला लागली. उसाच्या पाचटानं तिच्या हातांवर बारीक बारीक चरे उमटले होते, जुन्यांवर नवे. दुपारी सावलीला बसून मी प्रश्नावली काढली. मुलांची शारीरिक हालचाल मोजायला जगभर वापरली जाणारी, कॅनडात तयार झालेली ही प्रश्नावली. मूळ यादीत बर्फावरच्या हॉकीचा आणि स्कीइंगचाही रकाना आहे. आम्ही ते काढून लंगडी आणि कबड्डी घातली होती. मी विचारलं, "गेल्या आठवड्यात किती दिवस व्यायाम किंवा खेळ झाला?" ती म्हणाली, "नाही झाला. शाळा नाही ना इथं." मी पेन हातात धरून बसले. प्रश्नावलीच्या हिशेबानं ती मुलगी पूर्णपणे बैठी होती.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते, पाच ते सतरा वयाच्या मुलांना दररोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल हवी. जगातली अकरा ते सतरा वयाची ८१ टक्के मुलं तेवढी करत नाहीत, असा संघटनेच्या संशोधकांचा अंदाज आहे. ही मुलगी ती साठ मिनिटं सकाळी सातच्या आत पूर्ण करून मोकळी होत होती. तिच्या कमरेला आम्ही हालचाल मोजणारं छोटं यंत्र लावलं, तर तिथेही तेच. पावलं, वाकणं, उठणं ते यंत्र टिपतं, डोक्यावरच्या मोळीचं वजन त्याला कळत नाही. मोळी घेऊन ट्रॉलीच्या फळीवर चढताना ती सावकाश पावलं टाकायची, आणि सावकाश म्हणजे यंत्राच्या लेखी हलकी हालचाल. तिच्या शरीराला होणारा सर्वांत मोठा त्रास आमच्या आलेखात सर्वांत बुटका होता. आणि समजा ते सगळं अचूक मोजता आलं असतं, तरी त्याला आरोग्य म्हणायचं का? पोटात सकाळची भाकरी, झोप पाच तासांची, खेळ नाही, शाळा नाही. हालचाल भरपूर. व्यायाम आणि कष्ट यांत स्नायूंना फरक कळत नसेल, पण मुलाच्या आयुष्याला कळतो. माझ्या शास्त्राला तो कळावा असं मला फार वाटतं.

पुण्यात राहून हे काम करणाऱ्याला मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं नाव टाळता येत नाही. त्यांच्या गटानं पुण्याजवळच्या सहा गावांत नव्वदच्या दशकात गरोदर बायकांपासून सुरुवात केली आणि त्या बाळांना ते मोठी होईपर्यंत मोजत राहिले. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं रोड, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानानं राखून ठेवलेली. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचं आणि लंडनच्या जॉन यडकिन यांचं एक छायाचित्र आलं, शेजारी शेजारी उभे असलेले दोन शास्त्रज्ञ. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र यडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. इथेही पुन्हा भागाकारच: वजन भागिले उंचीचा वर्ग. शाळेच्या आरोग्य तपासणीत "बीएमआय नॉर्मल" असा शिक्का बसलेल्या काटकुळ्या मुलाकडे बघताना मला ते छायाचित्र हटकून आठवतं.

आणि रक्त. एका ग्रॅम हिमोग्लोबिनवर साधारण १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन बसतो. हिमोग्लोबिन १२ असलेल्या मुलीच्या प्रत्येक शंभर मिलिलिटर रक्तातून सोळा मिलिलिटर ऑक्सिजन जातो, ९ असलेल्या मुलीच्या रक्तातून बारा. म्हणजे चौथा हिस्सा वाटेतच गेला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत आपल्या देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुली रक्तक्षय असलेल्या निघाल्या. हे माहीत असूनही आपण सहाशे मीटरच्या चाचणीत मागे पडलेल्या मुलीला "स्टॅमिना वाढव" म्हणतो. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते. मुलींशी गप्पा मारताना कळतं की ती कुणी उपाशीपोटी घेते आणि मळमळली की पुढच्या वेळी खिशात टाकते. गोळी जेवल्यावर घ्या, आणि वर लगेच चहा नको, एवढं सांगायला पाच मिनिटं लागतात. माझ्या कारकिर्दीतल्या कितीतरी शोधनिबंधांपेक्षा त्या पाच मिनिटांचा उपयोग जास्त झाला असेल, असं मी मनापासून मानते.

इतकं सगळं म्हटल्यावर आकडेच फेकून द्यावेत असं वाटू शकतं. मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारणही एका शाळेत आहे. तिथल्या मुख्याध्यापिका बाईंनी आमचा अहवाल संस्थेच्या बैठकीत ठेवला. मुलींच्या सातवी ते नववीच्या आकड्यांवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, यांना मैदान मिळत नाही म्हणून हे असं आहे. त्या जोरावर त्यांनी आठवड्यातून दोन तास मैदान फक्त मुलींसाठी मिळवलं, स्वच्छतागृहाची कडी दुरुस्त करून घेतली आणि गणवेशात गडद रंगाची ट्रॅकपँट आणली. ज्या किलोमागच्या आकड्यावर माझा विश्वास डळमळला आहे, त्याच आकड्यानं ते मैदान उघडलं. मी त्यांना भागाकाराचा सगळा किस्सा सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "तुम्ही तो बरोबर करा. पण मला कागदावर काहीतरी द्या. नुसतं बोलून मला कुणी मैदान देत नाही." त्या बाईंचं मला पूर्ण पटतं.

म्हणून मी मोजत राहणार आहे, फक्त कागद वेगळा असेल. उंच मुलीच्या प्रश्नाला माझं आजचं उत्तर असं: नुसत्या उंचीनं भागलं तरी कुणावर तरी अन्याय होईलच. शरीराचा आकार, चरबी सोडून उरलेलं वजन आणि वाढीचा टप्पा हे सगळं एकत्र धरूनच काही बोलता येतं, आणि ते बोलणं दोघी मैत्रिणींची तुलना करण्यासाठी नसावं. मुलीच्या हातातल्या कागदावर आता तिचे स्वतःचेच गेल्या वर्षीचे आणि यंदाचे लिटर असतील, शेजारी उंची वाढल्याची नोंद. क्रमांक नाही. वर्गात मोठ्यानं वाचून दाखवायचं नाही, हे शिक्षकांकडून आधी लिहून घ्यायचं. मुलांची संमती आम्ही नियमानं घेतोच: सात वर्षांच्या पुढे तोंडी, बारांच्या पुढे लेखी. त्या संमतिपत्रात एक ओळ वाढवली आहे: "मला माझा आकडा नको असेल तर मी तो नाकारू शकते." संशोधनाला मान्यता देणाऱ्या आमच्या समितीतल्या एका सदस्यांनी ही ओळ कशाला हवी म्हणून विचारलं. मी बारा-तेरा वर्षांच्या मुलींबद्दल बोलले आणि बराच वेळ बोलले. ओळ राहिली.

पुढच्या पाच वर्षांच्या निधीसाठीचा अर्ज आता टेबलावर आहे. त्यात गावातल्या मोजणीबरोबर फडावरची मोजणीही धरली आहे, म्हणजे ऑक्टोबर ते एप्रिल दोन माणसं, एक जीप आणि डोक्यावरचं ओझं तोलायला एक साधा ताणकाटा. वरिष्ठांचं म्हणणं, नवीन ट्रेडमिल मागा, आहे ती जुनी झाली आणि निबंध छापून येताना यंत्राचं नाव बघतात. त्यांचं अनुभवाचं बोलणं आहे, आणि मी ट्रेडमिल मागितलीही आहे. पण खर्चाच्या तक्त्यात पहिली ओळ हिमोग्लोबिनच्या तपासणीची लिहिली, दुसरी जीपची. पैसे कापले गेले तर तळापासून कापतात, आणि ट्रेडमिल मी तळाला ठेवली आहे.